हसऱ्या माणसाला कोण देतं

बारक्या हे नाव त्याला शोभेनासं होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पोट सुटलं होतं, डोक्यावर टक्कल पडलं होतं, गुडघे कुरकुरत होते. पण नाव ताईने ठेवलेलं, आणि ताईने एकदा ठेवलेलं काहीही बदलायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. बाकीचं जग त्याला फोटोवाले म्हणायचं.

त्याचं फोटोचं दुकान होतं. माणसांच्या हातात फोन आले, जो तो आपलंच थोबाड आपणच टिपायला लागला, आणि बारक्यावर दुकानात बसून माशा मारायची वेळ आली. तेव्हा त्याला हॉस्पिटलने हात दिला.

हे हॉस्पिटल एके काळी सरकारी होतं. म्हणजे सगळ्यांच्या करातून चालायचं, आणि आजारी माणूस सरळ आत जायचा. भिंतींचे पोपडे निघालेले असायचे, रांगा लागायच्या, नर्स खेकसायच्या, सगळं खरं. पण तू कोण, तुझ्याकडे बघून मला काय वाटतं, असं कुणी विचारायचं नाही. मग सरकारच्या लक्षात आलं की लोक फार आजारी पडतात. सरकारने हात वर केले आणि हॉस्पिटल एका संस्थेला चालवायला देऊन टाकलं. भिंती गुळगुळीत झाल्या, दारात कुंड्या आल्या. खाट, तपासणी आणि साध्या गोळ्या तेवढ्या फुकट राहिल्या. मोठं ऑपरेशन ज्याचं त्याने बघायचं. ज्याला बघता येत नसेल त्याच्यासाठी तळमजल्यावर मदतीची भिंत होती.

लांबलचक कॉरिडॉर, आणि त्याच्या एका बाजूला ओळीने पेशंटचे मोठे फोटो. खाली दोन ओळींत माहिती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दाते यायचे. सोफ्याचं कापड पसंत करावं तसे फोटोंपुढून सावकाश चालायचे, थांबायचे, मान वाकडी करायचे, आणि जो मनात भरेल त्याच्या कोपऱ्यात हिरव्या कागदाचं फूल चिकटवायचे. फूल लागलं की ऑपरेशन ठरलं. नाही लागलं तर पुढचा महिना. पुढच्या महिन्यापर्यंत माणूस राहिला तर.

हे फोटो बारक्या काढायचा, आणि त्याच्या फोटोंना फुलं लागायची. हॉस्पिटलच्या मदत विभागाच्या मॅडम म्हणायच्या, "फोटोवाले, तुमच्या हातात जादू आहे." जादू कसली कपाळाची! धंद्याच्या चार खुब्या होत्या. उजेड एकाच बाजूने घ्यायचा. केस विंचरू द्यायचे नाहीत. पांघरूण जुनं मागवायचं. आणि सगळ्यात मोठी खुबी शेवटची. पेशंट कॅमेऱ्यापुढे आला की आपोआप सावरून बसतो, मान ताठ करतो. त्याचा फोटो काढल्यासारखं करायचं, "झाला हं!" म्हणायचं, कॅमेरा थोडा खाली घ्यायचा. माणूस सैल पडतो. आवरून धरलेलं सगळं, दुखणं, भीती, उद्याची काळजी, तोंडावर उतरतं. तेव्हा खरं बटण दाबायचं.

ही युक्ती एकाच माणसावर चालली नव्हती. पुरुषांच्या वॉर्डात एक ट्रक ड्रायव्हर होता. हृदयाची झडप आवळत चाललेली, चार पावलं टाकली की धाप, पण तोंड कायम हसरं. बारक्या "झाला हं!" म्हणाला तर हा बाबा आणखीच हसला. "झाला? बघू, बघू! कसा दिसतोय? नवरदेव वाटतोय का?" बारक्याने पुष्कळ खटपट केली. शेवटी हसराच फोटो भिंतीवर गेला. लोक त्याच्यापुढे येत, आपणही जरा हसत, आणि पुढे जात. इतका आनंदी दिसणारा माणूस, त्याला काय धाड भरलीय! असे तीन महिने गेले होते.

बारक्याला याचं वाईट वाटायचं, पण झोप उडण्याइतकं नाही. झोप उडाली ती ताई त्याच मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, भरती झाली तेव्हा.

ताई शाळेत खेळ शिकवायची. उभी हयात मैदानावर गेली. लग्न केलं नाही, बारक्याला तिनेच वाढवला, तिनेच शिकवला, आणि त्याला लिहिण्या-वाचण्यात गती नाही हे बघून पहिला कॅमेरा तिनेच घेऊन दिला. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिच्या आवाजाने दुसऱ्या शाळेची पोरंसुद्धा रांगेत उभी राहायची. त्या ताईला आता जिना चढताना मधे टेकावं लागत होतं. ओठ निळसर पडले होते. डॉक्टरांनी तपासलं, आणि बारक्याला बाहेर बोलावून सांगितलं.

"झडप. बदलावी लागेल."

"लगेच?"

"लवकर." डॉक्टर तरुण होते, पण चेहरा जागरणाने ओढलेला. "खरं सांगू? आधी त्या ड्रायव्हरची करायला हवी, मग हिची. कोण जास्त आजारी आहे ते मला माहीत आहे. पण माझं ऐकतंय कोण? ते खाली कॉरिडॉरमध्ये ठरतं."

बारक्याने घरी येऊन बायकोशी मसलत केली. दुकान विकलं असतं, घर गहाण टाकलं असतं, तरी जमलं नसतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. राहिली भिंत.

"ताईंचा असा फोटो काढा, की दगडालाही पाझर फुटेल," बायको म्हणाली.

"ताईचा? तसा?"

"मग कुणाचा? लोकांचे काढता ते चालतात?"

बारक्याने कॅमेऱ्याची पिशवी काढून दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघंही वॉर्डात गेली. ताई उशीला टेकून बसली होती. केस चापूनचोपून विंचरलेले, अंगावर हॉस्पिटलचाच, पण इस्त्री केलेला सदरा. शेजारच्या स्टुलावर ड्रायव्हर येऊन गप्पा छाटत बसला होता. दोघांचं चांगलं गूळपीठ जमलं होतं. तो तिला बाई म्हणायचा आणि ती त्याला ड्रायव्हरसाहेब.

बारक्याने हळूच विषय काढला. ताईने सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिचा आवाज चढला.

"म्हणजे मी केस पिंजारून बसू? कण्हू? अनोळखी माणसाने येऊन माझ्या तोंडाकडे बघायचं आणि ठरवायचं, ही बाई जगवण्यालायक वाटते का?"

"ताई, हळू. दम लागेल."

"लागू दे! आयुष्यभर पगारातून कर कापून दिला मी. एक महिना चुकवला नाही. तो कशासाठी दिला? कुणाच्या तरी उपचाराला लागेल, उद्या माझ्याही लागेल, म्हणूनच ना? तेव्हा मी विचारलं का, माझ्या पैशातून कोण बरा होतोय, त्याचा फोटो दाखवा?"

"ताई, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही," बायको समजुतीने म्हणाली.

"ती आई झोपलेली असेल. जागी असेल ती पोराने तोंड वाकडं करायच्या आधी उठते." ताईला धाप लागली. ती थांबली, पाणी प्यायली, आणि जरा खालच्या आवाजात बोलायला लागली. "अगं, मैदानावर एकदम चार पोरं पडायची. तीन गळा काढायची. चौथं गप्प पडून असायचं. नवे मास्तर आधी रडणाऱ्यांकडे धावायचे. मी गप्प पोराकडे धावायचे. ज्याच्यात रडायला दम आहे त्याचं बरंच शाबूत असतं. जे गप्प आहे त्याचं हाड मोडलेलं असतं. इथे सगळा उलटा कारभार. जो चांगला रडेल त्याला आधी."

"आणि हसेल त्याला?" ड्रायव्हरने विचारलं, आणि स्वतःच हसला. "हसऱ्या माणसाला कोण देतं, बाई? मी पण प्रयत्न केला होता. आरशात बघून रडका चेहरा करायला गेलो. मलाच हसू फुटलं."

ताईलाही हसू आलं. मग ती बारक्याकडे वळली. "फोटो काढ. काढू नको म्हणत नाही, मला मरायची हौस नाही. पण मी आहे तशी काढ. ताठ बसलेली. हे वचन दे."

बारक्याने वचन दिलं. तिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं. ती ताठ बसली, हनुवटी वर, नजर समोर, आता शिट्टी वाजवेल अशी. त्याने फोटो काढला. चांगला आला. आणि त्याला बघताक्षणी कळलं, की याला फूल लागायचं नाही. या बाईला कशाची गरज आहे असं कुणालाच वाटलं नसतं.

"झाला हं, ताई," तो म्हणाला.

ते त्याने ठरवून म्हटलं की सवयीने, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण ताई सैल पडली. तिचे खांदे उतरले. तिने डोळे मिटून एक लांब श्वास ओढायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावरच अडला, तोंड उघडं राहिलं, आणि हात आपोआप छातीवर गेला. इतकी म्हातारी ताई बारक्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या बोटाने बटण दाबलं.

घरी दोन्ही फोटो त्याने मोठे करून बायकोपुढे ठेवले. बायको दुसऱ्या फोटोकडे बघून रडायला लागली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हाच." बारक्या म्हणाला, "मी वचन दिलंय." बायको म्हणाली, "वचन पाळायला ताई तर राहायला हव्यात ना?" गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बारक्याला अक्कल होती. पण बहीण एकच होती. दुसरा फोटो भिंतीवर गेला.

रविवार उजाडला. कॉरिडॉर पुसून लख्ख केला होता, टेबलावर चहा-बिस्किटं मांडली होती, मॅडम नवा ड्रेस घालून इकडून तिकडे पळत होत्या. मदत दात्यांची, मिरवायच्या या. आयजीच्या जिवावर बायजी उदार! दाते आले. त्यात एक जोडपं होतं, मोठ्या कारखान्याचे मालक आणि त्यांची बायको. माणसं वाईट नव्हती, बरं का. वाईट असती तर राग काढायला तरी सोपं गेलं असतं. मालक प्रत्येक फोटोपुढे मनापासून हळहळत होते. ड्रायव्हरच्या फोटोपुढे ते हसले. "अरे वा, काय हसरा माणूस आहे!" आणि पुढे गेले. ताईच्या फोटोपुढे मालकीणबाई थांबल्या. त्यांनी छातीवर हात ठेवला, अगदी फोटोतल्या ताईसारखा. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हिचं करूया." हिरवं फूल लागलं.

कोपऱ्यात उभा असलेला बारक्या मटकन बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या घटकेला त्याला कशाचीच लाज वाटत नव्हती.

पण मॅडमच्या पोटात काही राहायचं नाही. त्या धावत वर गेल्या, ताईला मिठी मारली, आणि दात्यांना भेटायला म्हणून तिला व्हीलचेअरवर बसवून खाली घेऊन आल्या. मागोमाग भिंतीला धरत धरत ड्रायव्हरही आला, बाईंचं कौतुक बघायला.

ताईने आपला फोटो पाहिला.

मग खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठून उभी राहिली. बारक्या तिला धरायला पुढे झाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जागच्या जागी थांबला.

"तुमचे उपकार आहेत," ती मालकांना म्हणाली. "खोटं बोलत नाही. मला जगायचंय, आणि तुम्ही जगवताय. पण एक सांगा. माझ्या शेजारी हा फोटो आहे, या हसऱ्याचा. त्यालाही माझाच आजार. डॉक्टरांना विचारा, माझ्यापेक्षा त्याचा जास्त आहे. तीन महिने तो इथे लटकलाय. त्याला का नाही?"

मालक गोंधळले. "आम्हाला कसं कळणार? फोटोवरून..."

"तेच म्हणते मी! फोटोवरून कसं कळणार? मग फोटो कशाला बघता? डॉक्टरला का विचारत नाही?"

"बाई, आम्ही स्वखुशीने देतो," मालक सौम्यपणे म्हणाले. "सरकारने जबरदस्तीने कर घेऊन दिलं तर त्यात प्रेम कुठलं? आम्ही माणूस बघून देतो. त्यात आपुलकी असते."

"आपुलकी?" ताईचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. वॉर्डबॉय थांबले, नर्स डोकावल्या. "साहेब, मला आपुलकी माझ्या भावाची पुरे आहे. तीसुद्धा आज जरा जास्तच झाली. तुमच्याकडून मला झडप हवीय. रस्ता बांधताना तुम्ही विचारता का, यावरून कोण जाणार, तो गोड दिसतो का? मग छातीत दुखल्यावर का विचारता? सगळ्यांनी धडधाकट असताना थोडं थोडं टाकायचं, तुम्ही तुमच्या ऐपतीप्रमाणे, मी माझ्या, आणि ज्याला लागेल त्याला डॉक्टर सांगेल त्या क्रमाने द्यायचं. एवढं साधं गणित. पहिलीतल्या पोराला कळतं. तुमच्या कारखान्यातला कामगार पडला तर त्याने आधी तोंड वाकडं करून दाखवायचं का? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केलीय आमची! माझ्या शाळेत एकाही पोराला मी तोंड बघून उचललं नाही. आणि मला आज तोंड बघून उचलताय. लाज मला वाटतेय. ती तुम्हाला वाटायला हवी, आणि ज्यांनी हे हॉस्पिटल वाऱ्यावर सोडलं त्यांना तर आधी वाटायला हवी!"

मालकांचा चेहरा लाल झाला होता. आणि मालकीणबाईंचे डोळे चमकत होते.

"काय बोलल्या!" त्या पुटपुटल्या. "अहो, काय बोलल्या या! अंगावर काटा आला माझ्या. हे लोकांपर्यंत जायला हवं."

"जाईल ना!" मॅडम टाळी वाजवत म्हणाल्या. "फोटोवाले, घेतलंत ना हे?"

सगळ्यांनी बारक्याकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर होता. तो कधी उचलला ते त्याला आठवत नव्हतं. बहीण त्याच्या तोंडावर जगाची लक्तरं काढत होती, त्यात त्याचीही, आणि हात आपले धंद्याला लागले होते.

"फोटो घेतले," तो कसंबसं म्हणाला. "आवाज नाही."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "ताई, परत एकदा बोलाल? अगदी असंच?"

ताई मागे सरून खुर्चीत बसली.

मालकीणबाईंनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मालकांनी मान हलवली. "असं करू," ते म्हणाले. "तुम्ही हे एकदा कॅमेऱ्यासमोर बोला. चित्रफीत निघू दे. तुमच्याबरोबर या ड्रायव्हरचंही ऑपरेशन आम्ही करतो. दोघांचं."

ताईने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. ओठ काळेनिळे. अजूनही हसत होता, पण हसण्याला आवाज नव्हता. "बाई, नका," तो म्हणाला. "माझ्यासाठी नका. चालतंय माझं."

"गप्प बसा, ड्रायव्हरसाहेब," ताई म्हणाली. आणि बारक्याकडे न बघता विचारलं, "कुठे बघून बोलू?"

खुर्ची भिंतीपुढे ठेवली. मागे फोटो यायला हवेत असं मॅडम म्हणाल्या. ताई बोलली. सगळं तेच बोलली, रस्ता, शाळा, पहिलीतलं पोर. पण राग हा काही दूध नव्हे, की थंड झाला तर पुन्हा तापवावा. शब्द आले, मागचा जाळ आला नाही. ती संपेपर्यंत थकून गेली.

मॅडमने ओठ मुडपले. "छानच झालं. फक्त... ताई, रागावू नका हं. पण थोडा राग कमी पडतोय. परत घेऊया का?"

बारक्याने कॅमेरा खाली घेतला. "बास. तिला दम लागलाय. दिसत नाही का तुम्हाला?" हे तो ओरडून बोलला. हॉस्पिटलमध्ये तो पहिल्यांदाच ओरडला होता. मॅडम दचकल्या. मालकांनी घड्याळ बघितलं.

"लाव तो कॅमेरा," ताई म्हणाली.

"ताई..."

"लाव म्हटलं ना, बारक्या! आज तुला काय झालंय, बोलावं तिथे गप्प आणि गप्प बसावं तिथे बोलतोस."

त्याने लावला. ती तिसऱ्यांदा बोलली, आणि या वेळी राग आला. तो कुणावरचा होता ते भिंगातून बघणाऱ्या बारक्याला ठाऊक होतं. रस्ता झाला, शाळा झाली, गणित झालं, आणि शेवटी ती थांबली नाही. सरळ भिंगात बघून म्हणाली, "आणि हे बघून डोळे पुसणाऱ्यांनो, तुम्हीही आजारी पडणार आहात. इथे फोटो लागायची पाळी तुमच्यावरही येईल. त्या दिवशी तुमचं तोंड लोकांना पसंत पडो, एवढंच मागते."

मालकीणबाईंनी हुंदका दिला. मॅडम खूश झाल्या. ताईला वर नेल्यावर त्या बारक्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फार सुंदर. फक्त शेवटचं वाक्य काढून टाका. लोकांना शाप दिल्यासारखं वाटतं. पैसे देणारी माणसं आहेत, त्यांना असं घाबरवून कसं चालेल?"

"नाही काढणार."

"मग मालकांना काय सांगू? दोघांचं ठरलंय ना?"

बारक्याने वाक्य काढलं. दुकानात बसून, दार लावून, त्याने ते कापलं, आणि चित्रफीत पाठवून दिली. ती लोकांना फार आवडली. ज्यांनी तीन महिने ड्रायव्हरच्या फोटोकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांनी ताईचा राग एकमेकांना पाठवला.

ऑपरेशनची तारीख ठरली. मालकांची इच्छा होती की आधी ताईचं व्हावं, कारण चित्रफितीत ती होती. डॉक्टर म्हणाले, आधी ड्रायव्हरचं. मॅडम म्हणाल्या, देणाऱ्याचं मन मोडता येत नाही. ताईने त्यावर आपला उपाय केला. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी राहायचं असतं. तिने नर्सच्या नाकासमोर दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. डॉक्टरांनी तिला रागावल्यासारखं केलं आणि ताबडतोब ड्रायव्हरला आत घेतलं.

दोघंही वाचली. ताई पंधरवड्यात फिरायला लागली, आणि फिरायला लागली तशी बोलायलाही. ड्रायव्हरचं मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झडप बसली, पण वाट बघण्यात हृदय थकून गेलंय. गाडी आता विसरायची. त्याने ते ऐकलं आणि सवयीने हसायला गेला. जमलं नाही. भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. तेव्हा बारक्या तिथे होता. असा चेहरा मिळावा म्हणून त्याने त्या माणसापुढे केवढा आटापिटा केला होता! आता त्याला तिथून उठून जावंसं वाटलं.

ताईने त्याला वचनाबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं ते चित्रफितीबद्दल. घरी आल्यावर तिने ती शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाली, "संपली?"

"हो."

"कापलंस तेवढंच वाक्य माझं स्वतःचं होतं, बारक्या. बाकीचं त्यांनी विकत घेतलं होतं."

बारक्या मान खाली घालून बसला. तिने आणखी काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठून आत गेली.

महिना सरत आला तसा मॅडमचा फोन आला. ताई समोरच बसली होती. बारक्याने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"फोटोवाले, ताई कशा आहेत? अहो, एक काम होतं. वॉर्डात नवीन आजोबा आलेत. पण बोलतच नाहीत हो, अगदी गप्प. त्यांच्यासाठी ताई थोडं रागावतील का? मागच्यासारखं? लोक विचारतायत, त्या रागावणाऱ्या बाईंचं नवीन काही आहे का."

ताईचा चेहरा बघून बारक्याला वाटलं, आता फोन भिंतीवर आपटणार. तो पुढे झुकला आणि तिच्या आधी स्वतःच बोलला. "मॅडम, आजोबांना झालंय काय?"

"अं?"

"आजार. आजार कोणता आहे त्यांना? किती तातडीचं आहे? डॉक्टर काय म्हणतात?"

मग मॅडम हसल्या, लहान मुलाने काहीतरी विचारावं आणि मोठ्याने हसावं तशा.

"ते विचारायचं राहिलं बघा. पण अहो, आजार काय, इथे सगळ्यांनाच असतो. चेहरा सगळ्यांना नसतो. यांचा फार चांगला आहे."